भिंतीवरील चित्र आणि पायांखालील भूमि

अलीकडे पुष्कळ शाळांच्या आवारांत एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. गेरूच्या तांबड्या भिंतीवर पांढऱ्या रेघांचीं माणसें तारपा वाजविणाऱ्याभोंवतीं फेर धरून नाचत असतात. दोन त्रिकोण टोंकाशीं जोडले कीं धड झालें, त्यावर एक वाटोळें ठेवलें कीं डोकें झालें. आणि खालीं 'आदिवासी कला' अशीं अक्षरें लिहून आपण हात झाडून मोकळे होतों. ह्या चित्रांस माझा विरोध मुळींच नाहीं. तीं रेखीव आहेत, आणि मुलांच्या हातांस वळण लावणारींहि आहेत. माझें म्हणणें इतकेंच कीं, जुन्नर व आंबेगांव ह्या तालुक्यांच्या पश्चिम खोऱ्यांतून शाळेंत येणाऱ्या महादेव कोळी व ठाकर मुलांस 'तुमची कला काढा' असें सांगून वारल्यांचीं चित्रें गिरवावयास लावणें हा त्या मुलांवर अन्याय आहे, आणि वारल्यांवरहि.

वारल्यांवर अन्याय कसा, तें आधीं पाहूं. डहाणू-तलासरीकडील वारली घरांत हें चित्र शोभेसाठीं नव्हतें. लग्नाच्या वेळीं आंतल्या भिंतीवर सुवासिनी 'चौक' लिहीत, आणि त्याच्या मध्यभागीं पालघट देवी असे. रंग म्हणून तांदुळाचें पीठ पाण्यांत कालवीत व बांबूची काडी चेंचून तिचा कुंचला करीत. ज्या तांदुळावर घर जगावयाचें, त्याच तांदुळानें देवता लिहावयाची, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. शेत आणि चित्र हीं तेथें दोन नव्हतींच. ही कला पुढें कागदावर आणून जगापुढें मांडणारे जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा. त्यांस २०११ मध्यें 'पद्मश्री' मिळाली व २०१८ मध्यें ते निवर्तले. त्यांच्या चित्रांतील मासे पकडण्याचें जाळें, पेरणी, मुंग्यांच्या रांगा हें सर्व पाहून लोक डोलतात. परंतु ते अकरा वर्षांचे असतांना, १९४५ सालीं, त्याच मुलुखांत वारल्यांनीं वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, ही गोष्ट कितीजणांस ठाऊक असते? गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हां माणूस जागा होतो' ह्या ग्रंथांत ती सांगितली आहे. जमीन कसणारा वारली, आणि दप्तरीं नांव पुष्कळ ठिकाणीं जमीनदार-सावकाराचें, अशी ती स्थिति होती. भिंतीवर मात्र तें शेत वारल्याचेंच राहिलें. हें ज्यास कळलें नाहीं, त्यानें काढलेले त्रिकोण हे भूमितीचे त्रिकोण होत.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून सातव्या लेण्यांत गिरिजात्मजाचें दर्शन घेतल्यावर यात्रेकरू बहुधा तसाच खालीं उतरतो. त्यानें ओसरीवर घटकाभर थांबून समोर पाहावें. खालीं कुकडीचें खोरें, पलीकडे शिवनेरी, आणि पश्चिमेस नाणेघाटाकडील डोंगर. ह्याच जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखांत करंजाचीं व वडाचीं झाडें लावण्यासाठीं शेतांचें उत्पन्न दान दिल्याची नोंद आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वींहि येथल्या माणसांस जमीन आणि झाड हीं दगडावर कोरून ठेवण्याजोगीं वाटलीं! दात्यांचीं नांवें राहिलीं. डोंगरांत राहून रान जपणाऱ्यांचीं कोठेंहि कोरलेलीं नाहींत. त्यांची नोंद निराळ्या ठिकाणीं शोधावी लागते. वेशीबाहेर मांडलेल्या वाघोबावर वाघाशेजारीं चंद्र-सूर्य कोरलेले दिसतात, वाघबारसेस त्याची पूजा होते. आहुप्याच्या देवराईंत कुऱ्हाड चालत नसे. बाळहिरड्याच्या हंगामांत कोणतें झाड कोणत्या घराचें, हें कागदावांचून सर्वांस माहीत असतें. हें सारें चित्रच आहे. तें अद्यापि कोणी रंगविलें नाहीं, एवढेंच.

कोणी म्हणेल, वारल्यांच्या चौकाजवळ ठेवण्याजोगी चित्रपरंपरा ह्या खोऱ्यांत आहे कोठें? नसेल, पण म्हणून उसनी आणावी कां? ऑस्ट्रेलियांतील गोष्ट ह्या कामीं बोधप्रद आहे. तेथील पश्चिमेकडच्या वाळवंटांतील मूळ रहिवाशांनीं आपल्या भूमीवरील हक्क सिद्ध करण्यासाठीं १९९७ मध्यें सुमारें ८ मीटर रुंद व १० मीटर लांब असें एक प्रचंड चित्र सर्वांनीं मिळून रंगविलें. त्यांत त्यांचे पाणवठे होते. चौकशीच्या वेळीं एकेक वृद्ध त्या चित्रांतील आपापल्या पाणवठ्यावर जाऊन उभा राही आणि स्वभाषेंत साक्ष देई. २००७ मध्यें न्यायालयानें त्यांचा हक्क मान्य केला. आपल्याकडेहि २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत वडीलधाऱ्यांचे जबाब, पवित्र झाडें, देवराया, दफनभूमि ह्यांस पुराव्याचें स्थान आहे. मुलाच्या चित्रानें खटला जिंकला जाईल असें मी म्हणत नाहीं. परंतु आजोबांनीं दाखविलेली देवराईची कड नातवानें कागदावर उतरवून घेतली, तर तिचें स्मरण आणखी एक पिढी टिकेल. आज तें आजोबांबरोबर जात आहे.

आंबेगांव तालुक्यांत तर ही घाई अधिक आहे. तालुक्यास ज्या गांवावरून नांव पडलें, तें जुनें आंबेगांवच घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवास आहे. त्या जलाशयाचें पाणी कालव्यांनीं पूर्वेकडील शेतांत जातें, तेथें पिकें डुलतात, आणि त्याबद्दल कोणास वाईट वाटण्याचें कारण नाहीं. मात्र ज्यांचीं भातखाचरें पाण्याखालीं गेलीं, त्यांपैकीं पुष्कळजण आतां म्हातारे झाले आहेत. कोणत्या बांधावर आंबा होता, पाणवठ्यास काय म्हणत, हें त्यांच्याच तोंडीं उरलें आहे. त्या घरांतील मूल शाळेच्या भिंतीवर तारपा नाच काढीत बसतें, आणि आम्ही शिक्षक-पालक त्यास शाबासकी देतों!

म्हणून चित्रकलेच्या शिक्षकांस व पालकांस माझी विनंति आहे. येत्या दिवाळींत ह्या खोऱ्यांतील प्रत्येक मुलानें घरच्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून आपल्या गांवचें चित्र काढावें. माणसें कशीं काढावींत, हें त्याचें त्यानें ठरवावें. त्रिकोणांची सक्ति नको. प्रमाण बिघडलें तरी हरकत नाहीं, पण ओढ्याचें, टेकडीचें, खाचराचें नांव घरांत जसें म्हणतात तसेंच लिहावें. पुस्तकी करूं नये. कागद मोठा घ्यावा. आणि ज्यांचें शेत आज जलाशयांत आहे, त्यांनीं निळा रंग सर्वांच्या शेवटीं द्यावा. आधीं त्याच्या खालचें सारें विचारून काढून घ्यावें.