डबा आणि फाटकाबाहेरची गाडी

मॅगी १९८३ साली भारतात आली, १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्सने मुंबईत दुकान थाटले. आजच्या शाळकरी मुलांचे आईबापच या चवींवर वाढलेले आहेत. त्यामुळे सगळा दोष पोरांच्या माथी मारणे सोपे असले तरी खरे नाही. एकाच बाकावर एकाच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी, दुसऱ्याच्या डब्यात सॉस लावलेला ब्रेड, तर तिसऱ्याच्या खिशात डब्याऐवजी वीसची नोट असते. आईवडील दोघेही सकाळची लोकल पकडत असतील, तर त्या नोटेला आळस म्हणणे अन्यायाचे. भाकरीवाल्याला मात्र डबा उघडायची लाज वाटू नये, हे घराने आणि वर्गाने पाहायला हवे. बर्गरला नावे ठेवताना तळलेल्या वड्याला स्वदेशी म्हणून माफी देण्याचेही कारण नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. शाळा सुटताना फाटकाबाहेरच्या गाड्या पाहिल्या की या नियमाचे काय झाले ते कळते. शाळांनी आणि पालिकांनी आधी तो पाळून दाखवावा; मुलांना उपदेश नंतर करावा.