पेढ्यांआधी व्हिसा विचारा

आमच्या बेळगावात कुणाचा मुलगा अमेरिकेस निघाला की पेढे वाटले जातात. कोणत्या व्हिसावर निघाला, हे मात्र कोणी विचारीत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

एच-१बी व्हिसा आधी ३ वर्षांचा, एकूण ६ वर्षांचा. पुढे राहायचे तर ग्रीन कार्डाच्या रांगेत नाव हवे. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा साधारण ७ टक्के; मग तो देश आइसलँड असो की भारत! त्यामुळे आपली रांग कित्येक वर्षांची. मध्येच नोकरी सुटली, तर दुसरी शोधायला मुदत फार तर ६० दिवस. घराचे कर्ज, मुलांची शाळा, सारे त्यावर टांगलेले. इथून कडेवर नेलेले मूल रांगेतच २१ वर्षांचे झाले, तर बहुधा आईबापांच्या अर्जातून गळते.

जाऊ नये, असे मी म्हणत नाही. पण हे घरच्यांनाही ठाऊक असावे. तिथले नागरिकत्व घेतले की १९५५ च्या कायद्याने इथले संपते. मग ओसीआय कार्ड मिळते. त्याच्या नावात 'सिटिझन' आहे, पण मत नाही. शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही.

माझा मावसभाऊ गेल्या दिवाळीत आला, तेव्हा शिवारात उभा राहून म्हणाला, "शेजारचे दोन एकर घेऊन टाकू." मावशी हरखली. वकिलांनी कार्ड पाहिले आणि नकारार्थी मान हलविली. आता ते दोन एकर मावशीच्या नावे घेण्याचे घाटते आहे. मावशी ७४ वर्षांची आहे.