पत्र मागे घेतले, हेका नाही

छत्तीसगढच्या वनखात्याने 15 मे 2025 रोजी काढलेले पत्र, ग्रामसभा आणि आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्यानंतर, जुलैच्या सुरुवातीला मागे घेतले, एवढ्याने प्रश्न मिटला असे मानता येत नाही. सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले व राखलेले जंगल ग्रामसभेनेच सांभाळण्याचा हक्क, राबवण्यात आपणच प्रमुख यंत्रणा असल्याचे या खात्याने परस्पर ठरवून टाकले होते आणि इतर खात्यांना व स्वयंसेवी संस्थांना त्यापासून दूर ठेवण्याचा घाट घातला होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने निर्णयाचा अधिकार ग्रामसभेला आणि अंमलबजावणीची जबाबदारी आदिवासी विकास खात्याला दिली असताना असे पत्र निघतेच कसे, हा खरा सवाल आहे.

जंगल राखायचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर वनखाते आजही आपल्या कचेरीत शोधते. वास्तविक जंगलालगतचा धान उत्पादक शेतकरी एका पावसाळी पिकावर वर्ष काढू शकत नाही; कुंपणाचा बांबू, गुरांचा चारा, मोहफुले, सरपण या निस्तारासाठी, म्हणजे घरगुती व शेतीच्या गरजांसाठी, त्याला जंगल लागते आणि ते टिकावे ही गरजही सर्वांत आधी त्याचीच असते.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. नवी पालवी भरपूर फुटावी म्हणून तेंदूची झुडपे छाटली जातात व जंगलात आग लावली जाते, त्यात कोवळी रोपे जळतात आणि पाखरांच्या वाट्याची फळेही जातात, हे ओळखून या ग्रामसभेने हाती येणारे उत्पन्न सोडून तेंदूपत्ता तोडणेच बंद केले आणि बांबूविक्रीवर रोजगार उभा केला. जंगलाचा काही भाग देवराई म्हणून राखून ठेवण्याचा निर्णयही गावाचाच होता. कोणत्या वनाधिकाऱ्याच्या आदेशाने हे घडले असते? गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला तर सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरील हक्क 2009 मध्ये मिळूनही स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना हाती पडायला 2011 साल उजाडले, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्यांना गावात यावे लागले.

हक्क कागदावर द्यायचा आणि परवाना, आराखडा, निधी यांच्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला ठेवायच्या, ही वृत्ती एका राज्यापुरती नाही. महाराष्ट्रानेही 2014 मध्ये भारतीय वन अधिनियमाखाली ग्रामवन नियम आणून वनहक्क कायद्याला समांतर वाट काढली होती आणि केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाचा आक्षेप त्यावर ओढवून घेतला होता. ग्रामसभेचा व्यवस्थापन आराखडा कार्य आयोजनेत, म्हणजे वनखात्याच्या दीर्घकालीन नियोजनात, समाविष्ट करून घेणे हे वनखात्याचे कर्तव्य आहे. त्या आराखड्याला मंजुरी देण्याचा वा तो अडवून धरण्याचा अधिकार त्याला नाही. छत्तीसगढ सरकारने हे लेखी आदेशाने स्पष्ट करावे आणि महाराष्ट्र सरकारने हक्क मिळूनही निधीअभावी थांबलेल्या ग्रामसभांना तो थेट द्यावा.