टिटवीचे अठ्ठावीस दिवस

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस दांडगा, खोलगट जागी घातली की बेताचा, असा ठोकताळा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. टिटवीकडून आपण पावसाचा अंदाज मागतो; पाऊस टिटवीचे काय करतो, हे मात्र क्वचितच विचारतो.

कल्याणच्या गांधारी पुलापासून टिटवाळ्यापर्यंतच्या माळांवर आणि उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या भातखाचरांत मी ही टिटवी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. तिचे घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा आणि भोवती चार खडे. त्यात बहुधा चार अंडी, मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची. ना छप्पर, ना आडोसा. मार्चपासून वीण सुरू होते. भर दुपारी ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते. जवळच्या डबक्यात पोटाची पिसे भिजवून येते आणि तो ओलावा अंड्यांना देते. उन्हावर तिने असा उपाय शोधला आहे. पावसावर तिच्यापाशी उपाय नाही.

अंडी उबायला सुमारे 28 दिवस लागतात. आता हिशेब पाहा. मुंबईत मोसमी पाऊस 2023 साली 25 जूनला पोहोचला, 2025 साली 26 मेला. तफावत पुरत्या महिन्याची! 1 मेला घातलेली अंडी एका साली कोरड्या जमिनीवर फुटणार. दुसऱ्या साली पिल्ले निघण्याआधीच खळग्यात पाणी. अमेरिकेतल्या रानटर्कीचेही असेच. तीही जमिनीवरच अंडी घालते आणि गार पावसात भिजली की तिची कोवळी पिल्ले दगावतात.

तरीही केवळ पावसाने टिटवी संपत नाही. अंडी गेली तर ती पुन्हा घालते. 26 जुलै 2005 रोजी उल्हास नदी कल्याणात शिरली. त्यानंतरच्या उन्हाळ्यातही टिटव्या ओरडतच होत्या. पंचतंत्रातल्या टिटवीने तर समुद्राने नेलेली अंडी परत मिळवली. टिटवीही समुद्र आटवते, ही म्हण त्यातलीच. पण डंपरपुढे तिचे काय चालणार? खाचरावर भराव पडला की दुसरा डाव मांडायला जागाच उरत नाही. हवामान जितके लहरी, तितकी दुसऱ्या डावाची गरज मोठी. आणि नेमकी तीच जागा आपण काढून घेत आहोत.

माणसांना घरे नकोत का, असे कोणी विचारील. हवीतच, माझेही घर एकेकाळच्या खाचरावर उभे आहे. मागणे एवढेच की, मार्च ते जूनमध्ये माती टाकण्यापूर्वी प्लॉटवर एक फेरी मारावी. अंडी असतील तर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडून सांगतेच. तेवढा कोपरा 28 दिवस राखावा. पाऊस कधी यावा हे आपल्या हाती नाही. डंपर कधी यावा, हे मात्र आहे.