लेट गाडीचा मेसेज कुणाला येतो?

आपल्याकडची थंडी म्हणजे हुरडा पार्टी ठरवायला आणि कपाटातलं जॅकेट बाहेर काढायला निमित्त. धुकं म्हणाल तर दौलताबादच्या घाटात सकाळी एखादा फोटो काढण्यापुरतं. मग डिसेंबर-जानेवारीत आपल्या स्टेशनवर गाडी सहा-सहा, आठ-आठ तास लेट का होते? कारण हे धुकं इम्पोर्टेड आहे बॉस, थेट पंजाबातून!

सचखंड एक्स्प्रेसचंच घ्या. नांदेड ते अमृतसर, दोन हजारांहून जास्त किलोमीटर. दिल्लीच्या अलीकडे-पलीकडे दाट धुकं पडलं की ड्रायव्हरला सिग्नल दिसत नाही. आता इंजिनात जीपीएसवर चालणारं यंत्र असतं, पुढचा सिग्नल किती लांब आहे ते सांगणारं. तरी अशा धुक्यात वेगाची कमाल मर्यादा ताशी ७५ किलोमीटर. ती पाळायलाच हवी, त्यावर तक्रार नाही. पण तिकडून उशिरा आलेले डबे धुऊन-तपासून नांदेडहून पुन्हा निघणार, म्हणजे जाणारी गाडीही लेट. त्यात आपल्याकडचा एकेरी रूळ. वेळ चुकलेली गाडी क्रॉसिंगला थांबणार. संभाजीनगर-परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती २०२५ मध्ये. त्याच वर्षी स्टेशनचं नावही बदललं. अनाउन्समेंटमधली दिलगिरी तेवढी जुनीच राहिली.

तुम्ही-आम्ही मात्र आता स्टेशनवर वाट बघत नाही. मोबाइलवर गाडी कुठे आहे ते बघायचं, कूस बदलायची आणि रजई ओढून घ्यायची. मग गारठलेल्या प्लॅटफॉर्मवर उरतं कोण?

गेल्या डिसेंबरात रात्री दहाच्या सुमाराला मी तिथे होते. सिल्लोडकडचे एक आजी-आजोबा बाकावर बसले होते. आजींनी लुगड्यावरून घोंगडी लपेटलेली, आजोबांच्या कानाला मफलर. मुलगा अंबाल्याला फौजेत, नातवाला बघायला निघालेले. गाडी दुपारची, म्हणून सकाळच्या एसटीने आलेले. गाडी उशिरा सुटणार असल्याचा मेसेजही वेळेवर आला होता. फक्त तो गेला अंबाल्याला! तिकीट मुलाने ऑनलाइन काढलेलं, नंबर त्याचाच. त्याने फोन केला तेव्हा एसटी फुलंब्रीच्या पुढे आलेली.

"परत जायचं ना मग," मी म्हणाले.

"अन् गाडी आली तर?" आजोबा म्हणाले. "पोरानं पैसे भरलेत."

आजींनी भाकरीचं फडकं सोडलं आणि माझ्यापुढेही चतकोर केला. गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर लंगरचं गरम जेवण मिळतं, हे त्यांना शेजारच्या सरदारजींनी सांगितलं होतं. पण त्यासाठी आधी गाडी तर यायला हवी!

खरी गोची इथे आहे. पुण्यात, बंगळुरूत बसून आई-बाबांची तिकिटं आपणच काढतो. मोबाइल नंबर आपला, अकाउंट आपलं. त्यामुळे गाडी लेट असल्याची खबर रजईतल्या माणसाला लागते आणि थंडी बाकावरच्या माणसाला. गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे परत मिळतात. पण त्यासाठी ऑनलाइन टीडीआर भरावा लागतो, तोही गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी. तो आजोबा त्या साध्या फोनवरून कसा भरणार?

तेव्हा या सीझनला एवढं करा. तिकीट काढताना जो प्रवास करणार आहे त्याचा नंबर द्या. घरून निघायच्या आधी १३९ ला फोन करायला त्यांना शिकवा. साध्या फोनवरूनही लागतो. आणि मुख्य म्हणजे, गाडी फार लेट असेल तर "पैशांचं मी बघतो, तुम्ही घरीच थांबा" हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आपली माणसं गाडीसाठी कमी आणि आपले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून जास्त कुडकुडत बसतात.

धुकं काही आपल्या हातात नाही. मेसेज कुणाला जावा, हे आहे.