विश्लेषण : सर्वांत ज्येष्ठ अधिकारीच लष्करप्रमुख होतो का?

लष्करप्रमुखांची निवृत्ती जवळ आली, की त्यांच्यानंतर सर्वांत ज्येष्ठ कोण, याची चर्चा सुरू होते. मात्र सेवाज्येष्ठता ही प्रथा आहे, कायदा नव्हे. जनरल अरुणकुमार वैद्य यांची कारकीर्द त्याचे ठळक उदाहरण ठरते.

जनरल वैद्य कोण होते?

१९४५ मध्ये लष्करात दाखल झालेले वैद्य रणगाडा दलाचे अधिकारी. १९६५ च्या युद्धात त्यांनी डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे, तर १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत चिलखती ब्रिगेडचे नेतृत्व केले. दोन्ही वेळा त्यांना महावीर चक्र मिळाले. त्यांच्याच कार्यकाळात, जून १९८४ मध्ये ‘ऑपरेशन ब्लू स्टार’ झाले. निवृत्तीनंतर पुण्यात राहत असताना १० ऑगस्ट १९८६ रोजी त्यांची हत्या झाली.

मग वाद कशावरून झाला?

१९८३ मध्ये उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ होते. इंदिरा गांधी सरकारने त्यांना डावलून वैद्य यांची निवड केली. सिन्हा यांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली.

निवड कोण करते?

पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती. लष्करप्रमुखांचा कार्यकाळ तीन वर्षे किंवा वयाच्या ६२ वर्षांपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर असतो.

पुन्हा असे घडले का?

होय. डिसेंबर २०१६ मध्ये प्रवीण बक्षी आणि पुण्यातील दक्षिण मुख्यालयाचे प्रमुख पी. एम. हारिज या दोघांना डावलून बिपिन रावत यांची निवड झाली. दोघांनीही राजीनामा न देता सेवा पूर्ण केली.

योग्य काय?

लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी निवृत्त होतात. त्यामुळे केवळ ज्येष्ठता पाहिली, तर जन्मतारीख आणि पद रिकामे होण्याचा दिवस यांवरच निवड ठरते. दुसरीकडे, कारण न सांगता ज्येष्ठांना डावलले, तर बढतीसाठी राजकीय मर्जी सांभाळावी लागते, असा संदेश खालपर्यंत जातो. वैद्य यांच्या शौर्याबद्दल शंका नव्हती, तशी सिन्हा यांच्या पात्रतेबद्दलही नव्हती. निवडीचा अधिकार लोकनियुक्त सरकारचाच असावा. पण निकष आधी ठरलेले असतील, तर निवड झालेल्या अधिकाऱ्यावरही संशयाची सावली पडणार नाही.