हमी कागदावर, चर रस्त्यावर

मुंबईत वीज, गॅस वा दूरध्वनी कंपनीला रस्ता खोदायचा झाल्यास महापालिकेकडे रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क भरावे लागते. वाहिनी टाकून कंपनी मोकळी होते. चर बुजवतो महापालिकेचा कंत्राटदार. पुढे रस्ता खचला की एक भराईकडे बोट दाखवतो, दुसरा खोदाईकडे.

अशा वेळी कामी यावी ती अनामत रक्कम किंवा बँक हमी. केंद्राच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ती कंत्राटमूल्याच्या ५ ते १० टक्के होती आणि दोषदायित्वासह सर्व जबाबदाऱ्या संपल्यावरही ६० दिवस वैध ठेवण्याची अट होती. करोनाकाळात, नोव्हेंबर २०२०मध्ये, अर्थ मंत्रालयाने ती ३ टक्क्यांवर आणली. हे नियम महापालिकांना थेट बांधील नाहीत. पण हमीचे तत्त्व तेच.

तथापि टक्केवारीचा वाद दुय्यम आहे. चराचा दोष वरून दिसत नाही. भराई थराथराने दाबली नसली तरी डांबर त्या दिवशी सपाटच दिसते. पाणी मुरले की ते बसते. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने बुजवलेल्या चरांविषयी तर बोलायलाच नको! भराईच्या वेळी दाबाईची चाचणी झालेली नसेल, तर खड्डा पडल्यावर हमी वटवायची कोणत्या पुराव्यावर? चाचणीच्या अहवालाशिवाय देयक नाही आणि एक पावसाळा उलटल्याशिवाय अनामत परत नाही, या दोन अटी भराई करणाऱ्याला हव्यातच. मातीखालची वाहिनी जिची, त्या कंपनीकडूनही वेगळी हमी घ्यायला हवी.